नाकीडोळी नीटस वाङ्मय

मराठी वाङ्मयाचे इतिहास चांगले जाडजूड असतात. कथा, कादंबरी, कविता, नाटक, झालंच तर प्रवासवर्णन, सगळ्यांना त्यांत आपापलं दालन असतं. पण रोज, घरोघर, अखंड निर्माण होणारा एक प्रकार आमच्या इतिहासकारांनी साफ वगळला आहे. तो म्हणजे मुलींच्या रंगरूपावर मारलेले शेरे. या वाङ्मयाला छापखाना लागत नाही, संपादक लागत नाही, मानधन तर नाहीच नाही. बारशाला, मुंजीला, हळदीकुंकवाला किंवा नुसतं जिन्यात भेटलं तरी ते प्रसिद्ध होतं. वाचक मात्र एकच. ती बारा वर्षांची असते आणि तिला ते जन्मभर पाठ राहतं. असा वाचक आमच्या पारितोषिकविजेत्या कवींनासुद्धा लाभलेला नाही. तेव्हा म्हटलं, दुसरं कुणी करत नाही, तर या वाङ्मयाची समीक्षा आपणच करावी.

समीक्षेची सुरुवात भाषेपासून करायची, असं कॉलेजात शिकवलं होतं. या वाङ्मयाची शब्दसंपत्ती थक्क करणारी आहे. नुसता रंगच घ्या. गोरीपान, निमगोरी, उजळ, गव्हाळ, सावळी. आणि 'काळी' हा शब्द मुलगी स्वयंपाकघरात गेल्यावर. इतक्या छटा साडीच्या दुकानातही निघायच्या नाहीत. त्यातला 'गव्हाळ' तर मला फारच आवडतो. गहू नेमका कुठला, हे कुणी सांगत नाही. लोकवन, सिहोर की खपली? जाहिरात देणाऱ्या वधूपित्याच्या मनात सिहोर असतो आणि वाचणाऱ्या वरमाईच्या मनात मैदा!

या वाङ्मयाचा मुख्य अलंकार म्हणजे 'पण'. "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे." "अंगाने भरलेली आहे, पण स्वभावाने गोड." त्या 'पण'मध्ये केवढी करुणा भरलेली असते! उलट "गोरी आहे, पण नाकीडोळी नीटस" असं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. गोऱ्या रंगाला 'पण' लागत नाही. तो पूर्णविरामासकटच जन्माला येतो.

बांध्याविषयीचं दालन वेगळं. मुलगी बारीक असली तर "घरी खायला घालत नाहीत वाटतं!" आणि जरा भरली तर "कुठल्या गिरणीचं पीठ खातेस गं?" दोन्ही शेरे एकाच मावशींचे, एकाच पंगतीतले, आणि दुसरा तर आग्रहाने तिसरी पुरणपोळी वाढून झाल्यावरचा. मधलं, बरोब्बर, नेमकं वजन कुठलं, ते या वाङ्मयात कुठेही सापडत नाही. ते फक्त मावशींच्या लग्नातल्या फोटोत असतं, आणि तो फोटो कृष्णधवल असतो.

या लेखकवर्गाचं काळ्या रंगाशी वैर आहे म्हणावं, तर तसंही नाही. विठोबा काळाच लागतो. त्याच्या दर्शनाला आळंदीहून पंढरपूरपर्यंत माणसं पायी जातात. संक्रांतीला काळी चंद्रकळा हवी, आमटीला काळा मसाला हवा, शेताला काळी माती हवी. द्रौपदीचं एक नाव कृष्णा, आणि ते तिच्या वर्णावरूनच पडलेलं. तिच्या स्वयंवराला जमलेल्यांपैकी एखादा राजा "मुलगी बरी आहे, पण रंग जरा..." म्हणून पोहे खाऊन परत गेल्याची नोंद व्यासांनी केलेली नाही. थोडक्यात, काळं सगळं चालतं. फक्त सुनेच्या बाबतीत डोळ्यांना त्रास होतो. दादाकडे वहिनी मागणारं आपलं ते लाडकं बालगीतच पाहा ना. चाल गोड, शब्द गोड, आणि वहिनीसाठी पहिलीच अट रंगाची! पोरीला मुळाक्षरं येण्याआधी हे येतं.

हौशी लेखकांनी भूमी इतकी नांगरून ठेवल्यावर व्यावसायिक मंडळी पेरणीला येणारच. अफगाण स्नो मुंबईच्या बाजारात १९१९ साली आलं. १९७५ साली फेअर अँड लव्हली अवतरलं आणि या क्षेत्राला आपलं महाकाव्य मिळालं. कथानक कायम एकच. नायिका सावळी, म्हणून दुःखी. मग ट्यूब. मग नायिका गोरी, म्हणून सुखी. २००३ साली या क्रीमच्या एका जाहिरातीत मुलगा नाही म्हणून खंतावणारा बाप होता. मुलगी ट्यूब लावते, हवाईसुंदरी होते आणि घराचे पांग फेडते. म्हणजे मुलगी असणं आणि सावळी असणं ही दोन्ही दुःखं एकाच ट्यूबमध्ये मिटली. महिला संघटनांनी आवाज उठवला आणि ती जाहिरात बंद झाली. सावळ्या माणसाला दुःखी, कुरूप किंवा अपयशी दाखवू नका, हे जाहिरातवाल्यांच्या मानक परिषदेला २०१४ साली नियम करून सांगावं लागलं. २०२० साली 'फेअर'चं 'ग्लो' झालं. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगानुसार स्थळं चाळण्याची सोयही काढून टाकली. चाळणी गेली खरी, वरमाई आहेत.

आता या कथानकातल्या खलनायकाची, मेलॅनिनची, बाजूही ऐकून घेऊ. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या कातडीत साधारण सारख्याच संख्येने असतात. फरक त्या किती आणि कुठल्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यात. आणि ते बनवतात कशाला? तर उन्हातल्या अतिनील किरणांपासून कातडी वाचवायला. म्हणजे निसर्गाने आपल्या डोक्यावरचं ऊन पाहून फुकट छत्री दिली, आणि आपण पिढ्यान् पिढ्या पैसे मोजून ती मिटवायला बघतोय.

हे दुखणं फक्त आपलंच आहे असंही समजू नका. अमेरिकेत १९५९ साली बार्बी नावाची बाहुली जन्मली. १९६५ साली तिच्या एका संचात वजनकाटा दिला होता. तो कायमचा ११० पौंडांवर, म्हणजे पन्नास किलोंवर थांबलेला. सोबत वजन कमी करण्याचं एक चिमुकलं पुस्तक. त्यातला सल्ला एवढाच, की खाऊच नका. बाहुलीला खायला लागत नाही हे खरं, पण तिच्याशी खेळणारीला लागतं. या बाहुलीला जरा भरलेला, उंच आणि ठेंगणा असे तीन नवे बांधे मिळायला २०१६ साल उजाडलं. म्हणजे मावशी तिकडेही आहेत. फक्त पुरणपोळी नाही.

इतका वेळ मी हसतेय, पण माझी भाची हसत नाही. ती बारा वर्षांची आहे. तलावाच्या वीस फेऱ्या न थांबता मारायची. मे महिन्यात कुणीतरी म्हणालं, "अगं, किती रापलीस! आणखी काळी पडशील." भर म्हणून दुसरं कुणी पोहण्याच्या पोशाखावरून काहीतरी बोललं. जूनपासून पोहणं बंद. आता घरातल्या समारंभाच्या फोटोत ती मागच्या रांगेत उभी असते, पुढे उंच काका. मी विचारलं तर म्हणाली, "आत्या, मी इथेच बरी." शेरा मारणाऱ्या दोघी केव्हाच विसरून गेल्या असतील. त्यांच्या लेखी तो शेरा नव्हताच, विचारपूस होती.

आणि वेळ तरी कुठली साधतात! अकरा ते तेराच्या सुमारास मुलींची उंची झपाट्याने वाढते, आणि त्याच काळात अंगावर चरबीही साठते, साठायलाच हवी. शरीर बाई व्हायची तयारी करत असतं. घराचं बांधकाम ऐन रंगात असताना शेजाऱ्यांनी येऊन "पसारा फार झालाय हो तुमच्याकडे" म्हणावं, तसा हा प्रकार. प्रकृतीची शंका असेल तर डॉक्टर आहेत. ते मुलांसाठी वयाप्रमाणे वेगळे तक्ते बघतात. हळदीकुंकवात तक्ता नसतो.

अलीकडे या वाङ्मयात नवा संप्रदाय आला आहे. मुलींनो, स्वतःवर प्रेम करा. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून "मी सुंदर आहे" म्हणा. हेतू चांगला, पण यात एक गोम आहे. पोरीने पुन्हा आरशासमोरच उभं राहायचं! शिवाय हा उपदेश कोण करतं तेही पाहा. गोरेपणाचं क्रीम विकणाऱ्या कंपनीच्याच घरातल्या दुसऱ्या साबणाने २००४ साली 'खऱ्या सौंदर्या'ची मोहीम काढली. डाव्या हाताने चिमटा आणि उजव्या हाताने मलम. गल्ला मात्र एकच.

भाचीला "तू सुंदर आहेस गं" असं सांगून बघितलं. ती म्हणाली, "आत्या असंच म्हणणार." बरोबर आहे तिचं. स्तुती झाली तरी तो शेराच. परीक्षक तोच, फक्त गुण वाढवून दिलेले. तिला हवी होती परीक्षेतूनच सुटका. तिला पोहताना पाहून "वीस फेऱ्या! दम कसा पुरतो गं तुला?" असं कुणी विचारलं असतं, तर आपले हातपाय काय करू शकतात याचा तिला अभिमान वाटला असता. हात, पाय, फुप्फुसं या वापरायच्या वस्तू आहेत, शोकेसमधल्या नव्हेत, हे मुलींना आरशापेक्षा तलावात लवकर कळतं.

तेव्हा या वाङ्मयाच्या थोर लेखक-लेखिकांना माझी नम्र सूचना आहे, की त्यांनी आता सन्मानाने निवृत्त व्हावं. पहिली पाच मिनिटं जड जातील. मुलगी समोर आली की जीभ वळवळेल. त्या वेळी तोंडात लाडू ठेवावा. मग विचारावं, काय वाचतेस, कुठला खेळ खेळतेस, कोणत्या मैत्रिणीशी सध्या भांडण आहे. एवढं करून वेळ उरलाच, तर स्वतःच्या गुडघ्यांविषयी बोलावं. तो विषय आपल्या वयाला भरपूर पुरतो.

पुस्तकाच्या दोन प्रती अभिप्रायार्थ पाठवल्या, तर अभिप्राय जरूर द्यावा. मुलींना त्यांच्या आयांनी अभिप्रायार्थ पाठवलेलं नसतं.