नॉइज, अनुस्वार आणि रानपिंगळा

छायाचित्रांतला नॉइज घालवणाऱ्या एआय सॉफ्टवेअरची तुलनात्मक परीक्षणे वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. एकच फोटो तीन-चार सॉफ्टवेअरमधून काढलेला असतो, त्याचे मोठे केलेले तुकडे शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि सर्वांत स्वच्छ कोणता ते पाहून निकाल दिला जातो. त्या जागी प्रत्यक्षात काय होते, हे परीक्षकाला ठाऊक नसते आणि वाचकालाही नसते. ही उत्तरपत्रिका अक्षराच्या वळणावरून तपासण्याची रीत झाली. उत्तर बरोबर आहे की नाही, हा प्रश्न विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न मला विचारायचा आहे.

साहित्याच्या वाचकाला याचे काय, असे कुणी म्हणेल. पण जुनी मासिके, पोथ्या, मोडी कागद, गाभाऱ्यातले शिलालेख यांच्यावर काम करणाऱ्यांचा आजचा आधार बहुतेक वेळा मूळ वस्तू नसून तिचा फोटो असतो. फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉड लावायला जागा किंवा परवानगी नसते. मग खिडकीच्या उजेडात, कॅमेरा हातात धरून, आयएसओ १२८०० पर्यंत वाढवून फोटो काढायचे. संस्थेचा स्कॅनर हाताशी नसलेल्या माझ्यासारख्याचे निम्मे दप्तर अशाच फोटोंचे आहे. ते 'स्वच्छ' करताना काय हरवते आणि काय नव्याने येते, हा आमच्यासाठी पाठचिकित्सेचाच प्रश्न आहे.

आधी नॉइज म्हणजे काय ते पाहू. आयएसओ वाढवल्याने नॉइज येतो, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. जो थोडा मिळाला त्याचा संकेत फक्त मोठा केला जातो. खरे कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. प्रकाश कणाकणाने येतो आणि हे कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. सेन्सरच्या एका बिंदूवर सरासरी १०,००० फोटॉन येणार असतील तर त्यांत साधारण १०० चा चढउतार होतो, म्हणजे एक टक्का. १०० च येणार असतील तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. आयएसओ १०० ऐवजी १२८०० वापरायचे म्हणजे १२८ पट कमी प्रकाशात भागवायचे. त्यामुळे सापेक्ष नॉइज सुमारे अकरा पट वाढतो. सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्सचा नॉइज त्यात आणखी मिळतो. थोडक्यात, अंधाऱ्या फोटोत माहिती मळलेली नसते, ती कमीच आलेली असते. 'स्वच्छ करणे' हा शब्द इथेच दिशाभूल करतो. धूळ झटकल्यावर खालचे अक्षर दिसते. इथे खाली अक्षर पूर्ण उमटलेलेच नसते.

जुन्या पद्धती यावर काय करत? शेजारच्या बिंदूंची सरासरी घेत. २००५ मध्ये ब्वादेस, कोल आणि मोरेल यांनी 'नॉन-लोकल मीन्स' ही पद्धत मांडली. तिच्यात त्याच फोटोतले एकमेकांसारखे तुकडे शोधून त्यांची सरासरी काढली जाते. २००७ चे 'बीएम३डी' याच वाटेने पुढे गेले. या पद्धती फोटो पुसट करत, पण त्यांचा पुरावा त्या फोटोतलाच असे.

एआयची रीत वेगळी आहे. स्वच्छ आणि नॉइज असलेल्या फोटोंच्या असंख्य जोड्या दाखवून न्यूरल नेटवर्क शिकवले जाते. मग ते तुमच्या फोटोकडे पाहून सांगते की, अशा डागांच्या मागे बहुधा असे काही असते. हे 'बहुधा' इतर फोटोंतून आलेले असते. त्यातही दोन स्वभाव दिसतात. बिंदूगणिक चूक कमीत कमी व्हावी असे शिकवले, तर नेटवर्क सर्व शक्य उत्तरांची सरासरी देते. चित्र गुळगुळीत होते. चित्र खरे वाटावे असे शिकवले, तर ते शक्य उत्तरांपैकी एक उचलून ठामपणे रेखाटते. चित्र रेखीव होते, पण चुकीचेही असू शकते. ब्लाउ आणि मिखाएली यांनी २०१८ मध्ये गणिताने दाखवले की, ही दोन उद्दिष्टे एका मर्यादेपलीकडे एकत्र साधत नाहीत. 'अधिक खरे वाटणारे' आणि 'मुळाशी अधिक प्रामाणिक' यांत निवड करावीच लागते. परीक्षणांतला 'सर्वांत स्वच्छ' हा निकाल ही निवड न सांगता करून टाकतो.

बाजारातली तीन प्रमुख नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. फ्रान्सच्या डीएक्सओने २०१३ मध्ये 'प्राइम' आणि २०२० मध्ये 'डीपप्राइम' आणले. सेन्सरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो; कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ च्या पेटंटमध्ये मांडलेली ही रचना आहे. उरलेले दोन रंग अंदाजाने भरायचे असतात. डीपप्राइमने ही भरणी आणि नॉइज घालवणे ही दोन कामे एकत्र केली. २०२२ च्या 'एक्सडी' आवृत्तीचा भर बारीक तपशिलावर होता. टेक्सासच्या टोपाझने २०१९ मध्ये 'डीनॉइज एआय' आणले आणि २०२२ च्या 'फोटो एआय'मध्ये नॉइज घालवणे, रेखीवपणा आणि आकार वाढवणे एका छताखाली आणले. अॅडोबीने एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये 'डीनॉइज' दिले, तेव्हा त्याला कमी-जास्त करायला एकच पट्टी होती. म्हणजे तिघांचे काम वरवर एकच असले तरी हेतू एक नाहीत. रेखीवपणाचे आश्वासन जितके मोठे, तितकी अंदाजाला मोकळीक जास्त.

माझी कसोटी साधी होती. जुन्या छापील मराठी पुस्तकाचे एक पान ट्रायपॉडवरून आयएसओ १०० आणि २ सेकंद ठेवून टिपले. हा आदर्श. मग तेच पान आयएसओ १२८०० आणि १/६० सेकंदाने टिपले आणि नॉइजच्या फाइली वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधून काढल्या. कोणत्या सॉफ्टवेअरने काय केले ते नावानिशी लिहीत नाही, कारण आवृत्त्या भराभर बदलतात. चुकांचे प्रकार मात्र नोंदवण्यासारखे आहेत.

मराठी अक्षर ही या सॉफ्टवेअरची फार चांगली परीक्षा आहे, कारण अनुस्वार हा एक ठिपका आहे आणि नॉइजही ठिपक्यांचाच. अक्षरांची दांडी, वेलांटी, मात्रा बहुतेक ठिकाणी शाबूत राहिल्या. शिरोरेषेवरचे ठिपके मात्र कुठे विरले, तर कुठे कागदावरचा डाग गोल, काळा, नीटनेटका होऊन अनुस्वार बनला. पहिली चूक पुसण्याची, दुसरी रचण्याची. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीच्या मजकुरात अनुच्चारित अनुस्वार व्याकरण सांगतो. 'तें' हे नपुंसकलिंगी एकवचन, 'ते' हे पुल्लिंगी अनेकवचन. ठिपका गेला की वाक्याचा कर्ता बदलतो. महामंडळाला जे करायला इतकी चर्चा करावी लागली, ते सॉफ्टवेअर काही सेकंदांत जुन्या पानावर करून मोकळे होते.

मूळ फोटोत तो ठिपका संशयास्पद दिसत होता आणि वाचणारा थबकत होता. स्वच्छ प्रतीत संशयच उरत नाही. नॉइज हा दोष खराच, पण 'इथे खात्री नाही' अशी ती खूणही असते. संपादक पाठात जिथे प्रश्नचिन्ह घालतो, तिथे हे सॉफ्टवेअर पूर्णविराम देते.

याचे गांभीर्य पटायला खानदेशातले एक उदाहरण घेतो. रानपिंगळा हा पक्षी १८८४ नंतर खात्रीलायकरीत्या दिसला नव्हता. रिचर्ड माइनर्टझहागेन यांनी मात्र १९१४ मध्ये गुजरातमधील मांडवीला तो मिळाल्याची चिठ्ठी एका नमुन्याला लावली होती. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला, तेव्हा तो जेम्स डेव्हिडसन यांनी आधी गोळा केलेल्या नमुन्यांपैकी असून उसवून पुन्हा शिवलेला असल्याचे निष्पन्न झाले. खोटे स्थळ बाजूला ठेवून जुन्या खऱ्या स्थळांकडे वळल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, रानपिंगळा पुन्हा सापडला. सुबक चिठ्ठी नसती तर शोध चुकीच्या दिशेला गेला नसता. खोटेपणा उघडा पडला तो मूळ नमुना संग्रहालयात जपला होता म्हणून.

आता हेच फोटोला लावून पाहा. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे. संध्याकाळच्या उजेडातल्या फोटोत सॉफ्टवेअरने डोके गुळगुळीत केले, तर साधा पिंगळा दुर्मिळ ठरू शकतो. पुन्हा शिवलेल्या नमुन्याहून हा प्रकार फार वेगळा नाही. फरक इतकाच की इथे लबाडी करणारा कुणी नसतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बायरच्या रचनेमुळे प्रत्येक डिजिटल फोटोत दोन-तृतीयांश रंग अंदाजानेच भरलेला असतो. मग एआयलाच दोष का? माझे उत्तर असे की, अंदाज किती लांबून आणला याला महत्त्व आहे. शेजारच्या बिंदूवरून केलेला अंदाज त्याच वस्तूची साक्ष काढतो. दुसऱ्या कुणाच्या फोटोंवरून केलेला अंदाज त्या वस्तूला पाहिलेलेच नसलेल्याची साक्ष काढतो. लग्नाचा, मैफलीचा फोटो सुंदर दिसावा म्हणून ही साक्ष खुशाल घ्यावी. मीही घेतो. पुराव्यासाठी ती चालणार नाही.

तेव्हा काही पथ्ये सुचवतो. रॉ फाइल कधीही पुसू नये. काही सॉफ्टवेअर आपला निकाल डीएनजी या नावाने देतात. ती मूळ रॉ समजू नये, कारण तिच्यात अंदाज मिसळून झालेला असतो. प्रकाशित फोटोखाली सॉफ्टवेअर, आवृत्ती आणि पट्टी किती ठेवली ते लिहावे. पाठ ठरवताना मूळ आणि स्वच्छ दोन्ही प्रती समोर ठेवाव्यात, आणि जिथे त्यांचे जमत नाही तिथे मूळ प्रतीचा संशय मान्य करावा. आणि शक्य असेल तेव्हा एकाच पानाचे १६ फोटो घेऊन त्यांची सरासरी काढावी. नॉइज एक-चतुर्थांश होतो आणि त्यासाठी कुणाच्या कल्पनेची गरज लागत नाही, कारण सोळा वेळा आलेला प्रकाश त्या पानावरचाच असतो. यात मिनिटभर जास्त जातो, हात स्थिर ठेवावा लागतो आणि ग्रंथपालाला थोडे थांबवावे लागते. पानावरचा अनुस्वार जागेवर राहावा म्हणून एवढे करायला हरकत नाही.