‘त्याचा’ म्हणजे नेमका कुणाचा?

न्यायालयाचं निकालपत्र ही काही स्मरणिकेत परीक्षण लिहिण्याजोगी साहित्यकृती नव्हे, हे मान्य. तरीही २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी अभिराम सिंह खटल्यात दिलेला निकाल मराठी वाचकाने वाचावा असं मला वाटतं. खटला मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघाचा, वाद एका सर्वनामाचा, आणि मराठी न्यायमूर्ती दोन्ही बाजूंना! बहुमतात शरद बोबडे, अल्पमतात धनंजय चंद्रचूड आणि उदय लळित. पुढे तिघेही सरन्यायाधीश झाले.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२३ (३) हे पोटकलम सांगतं की धर्म, वंश, जात, जमात किंवा भाषा यांच्या आधारावर मत मागणं, किंवा देऊ नका म्हणणं, हा भ्रष्ट आचार आहे. तो सिद्ध झाला तर निवडून आलेल्याची निवड रद्द. १९६१ च्या दुरुस्तीत या वाक्यात ‘हिज’ हा इवलासा इंग्रजी शब्द शिरला. ‘त्याच्या’ धर्माच्या आधारावर. पण कुणाच्या? उमेदवाराच्या, की समोर बसलेल्या मतदाराच्याही? मराठीत ‘आपल्या’ आणि ‘त्याच्या’ असे दोन शब्द हाताशी असल्यामुळे हा घोळ बराच कमी झाला असता. जपानीत तर सर्वनाम गाळूनच टाकलं असतं, मग वाद आणखी रंगला असता!

चार विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. बहुमत म्हणालं, ‘त्याच्या’मध्ये उमेदवार, त्याचा प्रतिनिधी आणि मतदार सगळेच आले. अल्पमत म्हणालं, फक्त उमेदवाराचा किंवा त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा धर्म.

या वादामागचा इतिहास समजून घ्यायला पार्ल्यात जावं लागतं. डिसेंबर १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. काँग्रेसचे पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे उच्च न्यायालयात गेले. बाळासाहेब ठाकरे यांनी प्रचारसभांत हिंदू म्हणून मतं मागितली, हा आक्षेप. निवडणूक रद्द झाली, ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केलं, आणि पुढे खुद्द बाळासाहेबांना काही वर्षं मताधिकार गमवावा लागला. गंमत म्हणजे त्याच दिवशी मनोहर जोशी यांचं प्रकरणही निकालात निघालं. १९९० साली दादरमधून लढताना महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य स्थापन होईल, असं ते बोलले होते. न्यायालय म्हणालं, ही तर नुसती आशा व्यक्त केली आहे. जोशींची आमदारकी वाचली. तोवर ते मुख्यमंत्रीही झाले होते.

मला हे कधीच पटलेलं नाही. शिवाजी पार्कवर भाषण ऐकायला बसलेला माणूस वक्त्याची ‘आशा’ एका कप्प्यात आणि ‘मत द्या’ दुसऱ्या कप्प्यात ठेवत नसतो. हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे, असंही त्याच निकालांत म्हटलं गेलं; तो प्रश्न उकरायला २०१७ च्या पीठाने नकार दिला. म्हणजे सर्वनामावर एवढा खल झाला आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे राहिलं.

बहुमताचा हेतू मला पटतो, वाचन पटत नाही. एखादी उमेदवार वस्तीत जाऊन म्हणाली, ‘तुम्ही अमुक जातीचे म्हणून तुमच्या गल्लीत नळ येत नाही, मला निवडून द्या, मी आणते,’ तर हा गुन्हा की लोकशाही? मतदाराची जात उच्चारायचीच नाही म्हटलं तर जातीमुळे सोसलेलं बोलायचं कुठे? चंद्रचूडांच्या अल्पमताचा गाभा हाच आहे. आणि यादीत भाषाही आहे हे विसरू नका. संयुक्त महाराष्ट्र समिती १९५७ साली मराठी भाषकांच्या राज्यासाठीच मैदानात उतरली होती. सैल वाचलं तर प्रचारातली भीती आणि द्वेष मोकाट सुटतील, असं कुणी म्हणेल. पण समाजासमाजात वैर पेटवण्याविरुद्ध कायद्यात वेगळं पोटकलम आहेच.

अर्थात कायदा उमेदवाराच्या जिभेला लगाम घालतो. पडद्याआड मतपत्रिकेवर शिक्का मारणाऱ्याने (आता बटण दाबणाऱ्याने) काय मनात धरावं, हे तो सांगू शकत नाही. कुलाबा मतदारसंघात बहुसंख्य मतदार हिंदू. तिथून बॅरिस्टर अंतुले चार वेळा लोकसभेत गेले. महाराष्ट्राचे ते आजवरचे एकमेव मुसलमान मुख्यमंत्री, आणि कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते त्यांच्याच कारकिर्दीत, १९८१ साली. १९८२ मध्ये त्यांचं पद गेलं ते सिमेंट प्रकरणात, धर्मापायी नव्हे. माणूस असाच जोखावा. अंतुल्यांच्या विरोधकांनी त्यांना कारभारावरून धारेवर धरलं, ते योग्यच केलं.

आपण राहतो त्या देशात हा प्रश्न वेगळ्याच दारातून आत येतो. ख्रिश्चन लोकसंख्या एखाद्या टक्क्याच्या आसपास. तरी ओहिरा, आसो आणि अगदी अलीकडे २०२४-२५ मध्ये इशिबा हे ख्रिश्चन पंतप्रधान झाले. इथे नागोयात निवडणुकीच्या गाड्या भोंग्यावरून उमेदवाराचं नाव गल्लोगल्ली घोकतात, पण त्याचा धर्म कोणता हे शेजारच्या आजींना विचारलं तर त्या बुचकळ्यात पडतील. मात्र जुलै २०२२ मध्ये शिंजो आबे यांची हत्या झाली आणि युनिफिकेशन चर्चला आईने दिलेल्या देणग्यांमुळे घर बुडालं म्हणून मारेकऱ्याने हे केल्याचं बाहेर आलं. तेव्हा लोकांनी खासदारांना श्रद्धा विचारली नाही. प्रचाराला माणसं कुणी पुरवली, सभेला कुणी बोलावलं, हे विचारलं. सप्टेंबरमध्ये सत्ताधारी पक्षाच्या पहिल्या मोजणीत ३७९ पैकी १७९ खासदारांचा त्या संघटनेशी काही ना काही संबंध निघाला. आपलं १२३ (३) व्यासपीठावरची वाक्यं तपासतं. व्यासपीठामागे झालेली अशी देवाणघेवाण त्याच्या जाळ्यात येत नाही, मग ‘त्याच्या’चा अर्थ कुठलाही लावा.

आपल्यापैकी बहुतेकांना जपानमध्ये मत नाही, आणि भारतीय पारपत्र असलेल्यांना २०११ पासून मतदार यादीत नाव घालता येत असलं तरी मत द्यायला तिकीट काढून गावच्या केंद्रावरच हजर व्हावं लागतं. म्हणून आपलं राजकारण रविवारच्या फोनवर चालतं. ‘यंदा कोण उभं आहे?’ असं विचारलं की घरून आधी आडनाव कळतं. पाठोपाठ दुसरा प्रश्न टाकून पाहा: त्याच्या प्रचाराचा खर्च कोण करतंय?