उत्तरचाचणीत शिक्षक पास झाले, पण मुलाचं काय?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातली एक अशी, की शिक्षण संस्थांमधल्या सगळ्या अध्यापक आणि अध्यापकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. विषय: मानसिक प्रथमोपचार, धोक्याची लक्षणं ओळखणं, स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाला प्रतिसाद देणं आणि त्याला योग्य ठिकाणी पाठवणं.

म्हणजे प्रशिक्षणं होणार, आणि त्यामागोमाग त्यांच्यावर लघुप्रबंधही होणार. आराखडा तुमच्या ओळखीचा आहे. एक गट, पूर्वचाचणी, दोन दिवसांची कार्यशाळा, उत्तरचाचणी, टी-मूल्य लक्षणीय, शून्य परिकल्पनेचा त्याग, 'कार्यक्रम परिणामकारक आहे'. झालं.

माझा आक्षेप या शेवटच्या वाक्यावर आहे. यात मोजलं काय, तर शिक्षकाला किती कळलं. दावा मात्र मुलाच्या सुरक्षिततेचा. या दोन टोकांमध्ये किती अंतर आहे, ते तीन अभ्यासांतून बघू.

पहिला अभ्यास पीटर वायमन आणि सहकाऱ्यांचा, २००८ सालचा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. 'क्यूपीआर' नावाचं एक प्रशिक्षण आहे: मुलाला थेट प्रश्न विचारा, मदत घ्यायला राजी करा, योग्य ठिकाणी पाठवा. संशोधकांनी ३२ शाळांची यादृच्छिक विभागणी केली आणि २४९ कर्मचाऱ्यांचा सरासरी वर्षभर पाठपुरावा केला. ज्ञान वाढलं (परिणाम-आकार ०.४१). 'मला हे जमेल' हा विश्वास तर खूपच वाढला (१.२२). आपला नेहमीचा लघुप्रबंध इथेच थांबला असता.

वायमन पुढे गेले. प्रत्यक्ष मुलांशी बोलण्यात, त्यांना ओळखण्यात काही बदल झाला का, हे त्यांनी विचारलं. उत्तर असं आलं, की ज्ञान आणि आत्मविश्वास वाढणं त्यासाठी पुरेसं नव्हतं. वाढ दिसली ती मुख्यतः आधीपासूनच मुलांशी अशा विषयांवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये. त्यांनी आठवी आणि दहावीच्या २,०५९ विद्यार्थ्यांनाही प्रश्न विचारले. ज्यांनी पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केला होता, ती मुलं आपला त्रास मोठ्या माणसांना सांगायला इतरांपेक्षा कमी तयार होती. म्हणजे ज्या मुलासाठी हा सगळा खटाटोप, तेच मूल सरांच्या टेबलापर्यंत यायची शक्यता सगळ्यात कमी. शिक्षकाने नुसती नजर ठेवायची, या कल्पनेला इथे मोठा धक्का बसतो.

दुसरा अभ्यास 'सेल' या नावाने ओळखला जातो. दानुता वासरमन आणि सहकाऱ्यांनी तो २०१५ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. युरोपातले १० देश, १६८ शाळा, ११,११० विद्यार्थी. एका गटात शिक्षकांना क्यूपीआर प्रशिक्षण. दुसऱ्या गटात थेट मुलांसोबत भूमिकानाट्य आणि चर्चा. तिसऱ्या गटात चाळणी चाचणी, म्हणजे धोक्यातली मुलं शोधून त्यांना तज्ज्ञांकडे पाठवणं. चौथा नियंत्रित गट. बारा महिन्यांनंतर मुलांसोबत काम केलेल्या गटात नवे आत्महत्येचे प्रयत्न १४ होते, नियंत्रित गटात ३४. शिक्षक-प्रशिक्षणाच्या गटात मात्र नियंत्रित गटाच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही.

इथे घाई करू नका. 'लक्षणीय फरक आढळला नाही' म्हणजे 'फरक नाही' असं होत नाही. १४ आणि ३४ हे हजारो मुलांमधले आकडे आहेत. इतक्या विरळ घटनेत छोटा परिणाम असला तरी तो पकडणं अवघड असतं. तरीही या निकालानंतर केवळ शिक्षक-प्रशिक्षणाच्या जोरावर मोठा दावा करणाऱ्याने आधी पुरावा दाखवायला हवा.

तिसरा अभ्यास आपल्या देशातला आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गोव्याच्या 'संगथ' संस्थेशी जोडलेल्या सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा 'सेहेर' प्रयोग, बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांमधला, २०१८ चा. ७५ शाळा, तीन गट. एका गटात शाळेसाठी खास नेमलेला, तज्ज्ञ नसलेला पण प्रशिक्षित 'सेहेर मित्र'. दुसऱ्यात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे. तिसऱ्यात फक्त सरकारी जीवनकौशल्य कार्यक्रम. काम काय, तर परिपाठात बोलणं, भित्तिपत्रक, तक्रारपेटी, गटचर्चा आणि गरज असेल त्या मुलाला समुपदेशन.

निकाल असा: मित्राच्या शाळांमध्ये शालेय वातावरण खूप सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकाच्या शाळांमध्ये शालेय वातावरणात नियंत्रित गटाच्या तुलनेत काहीच फरक नाही. परिणाम-आकार जवळजवळ शून्य.

हा पेपर वाचून अनेक जण म्हणतात, 'बघा, शिक्षकांना हे जमत नाही.' मला हे वाचन चुकीचं वाटतं. मित्राचं कामच ते होतं. शिक्षकाला तेच काम तास, परीक्षा आणि कागदपत्रं सांभाळून करायचं होतं. दोन गटांत माणूस बदलला, तसा मिळालेला वेळही बदलला, मुलांशी असलेलं नातंही बदललं. ज्या सरांच्या हातात छडी आणि गुणपत्रिका, त्यांच्याकडे मूल मन मोकळं करेल का? यातलं कुठलं कारण खरं, हे या आराखड्यातून वेगळं काढता येत नाही. शिवाय उत्तरं मुलांनी स्वतः दिलेली आहेत, आणि आपल्या शाळेत मित्र आहे की नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून मित्राच्या गटातला १.८८ इतका मोठा परिणाम-आकार मी जपूनच वाचते.

आता तुमच्या सिनॉप्सिसबद्दल. आधी कागदावर साखळी काढा: शिक्षकाला कळलं, शिक्षकाने पाहिलं, विचारलं, मूल बोललं, मुलाला पाठवलं, मदत मिळाली, मूल सावरलं. तुमचं साधन यातली कुठली कडी मोजतं? बहुतेक वेळा फक्त पहिली. सातवी कडी मोजणं एका विद्यार्थ्याच्या आवाक्यात नसतं, हे मान्य. पण तीन-चार महिन्यांनी पुन्हा जाऊन 'गेल्या महिन्यात किती मुलांशी बोललात, कितींना समुपदेशकाकडे पाठवलंत' हे विचारता येतं, आणि ते शाळेच्या नोंदींशी ताडून बघता येतं. मुलांनाच विचारता येतं, 'त्रास झाला तर या शाळेत कोणाशी बोलाल?' तुलनेसाठी प्रशिक्षण न झालेल्या शाळा हव्यातच. आणि तीन शाळांतले ६० शिक्षक म्हणजे ६० स्वतंत्र नमुने धरू नका. एकाच स्टाफरूममधली माणसं एकमेकांसारखी उत्तरं देतात.

एक गोष्ट गाईडने विचारली नाही तरी लिहाच. मुलांना असे प्रश्न विचारणार असाल आणि एखाद्या मुलाने 'हो' लिहिलं, तर त्याच दिवशी कोण काय करणार? 'सेल'मध्ये तातडीची मदत लागणाऱ्या मुलांसाठी वेगळी व्यवस्था आधीच ठरलेली होती. तुमच्याकडे निदान एका समुपदेशकाची लेखी संमती हवी, आणि टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक मुलाच्या हातात हवा. ही तयारी होत नसेल तर मुलांची प्रश्नावली काढून टाका. आणि मग निष्कर्षात 'शिक्षकांचं ज्ञान वाढलं' एवढंच लिहा. ते खरं असेल, आणि तेवढंच तुम्ही मोजलेलं असेल.