पोथी कोणाच्या पायांनी चालते?



पूर्णगडच्या दरवाजापाशी मारुतीरायाचे लहानसे देऊळ आहे. गडावरून मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळताना दिसते. गेल्या खेपेस दर्शन घेऊन गावात उतरलो आणि ओळखीच्या दोन घरी गेलो. दोन्ही घरांत एकच ग्रंथ होता, जवळच्याच पावसच्या स्वामी स्वरूपानंदांची 'अभंग ज्ञानेश्वरी'. पहिल्या घरी तो देव्हाऱ्यात, लाल कापडात बांधलेला, वर हळदकुंकू आणि फूल. कापड सोडले तर दमट हवेने पाने एकमेकांना चिकटलेली. दुसऱ्या घरी पुठ्ठा निखळलेला, पानांचे कोपरे झिजलेले, कडेला पेन्सिलीच्या खुणा. त्या घरच्या आजी म्हणाल्या, "ही तिसरी प्रत. आधीच्या दोन लोकांनी वाचायला नेल्या, त्या काही परत आल्या नाहीत. बरं झालं!"

आजींच्या या 'बरं झालं'ने मला विचारात पाडले. ग्रंथ लिहिणारा लिहून मोकळा होतो. पुढे तो ग्रंथ कोणाच्या पायांनी चालतो?

स्वामींचा जन्म १९०३ सालचा, पावसचाच. १९३४ च्या मोठ्या दुखण्यानंतर १९७४ मध्ये समाधिस्थ होईपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे ते पावसच्या 'अनंत निवास'मध्ये राहिले. गावोगाव हिंडून त्यांनी आपल्या ग्रंथाचा गाजावाजा केला नाही. तरीही 'अभंग ज्ञानेश्वरी' आणि 'संजीवनी गाथा' महाराष्ट्रभर पोहोचली, ती वाचणाऱ्यांच्या पिशवीतून आणि गाणाऱ्यांच्या गळ्यातून.

ग्रंथाची घडणही या प्रवासाला सोयीची आहे. माउलींची मराठी सातशे वर्षांपूर्वीची. तिच्यातले अनेक शब्द आज अडतात आणि नवा वाचक पहिल्या अध्यायातच थांबतो. स्वामींनी तोच अर्थ आजच्या मराठीत आणि अभंगाच्या चालीत आणला. जे चालीत बसते ते पाठ होते, आणि जे पाठ होते ते दुसऱ्याच्या कानी पडते. एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. माउलींची ओवी दृष्टान्त रंगात आला की ऐसपैस होते. अभंगाच्या मोजलेल्या अक्षरांत तो ऐसपैसपणा थोडा आवळला जातो. म्हणून हा ग्रंथ मूळ ज्ञानेश्वरीच्या दाराशी नेणारी पायवाट आहे. पायवाटेवरच घर बांधू नये.

वाचकावर विसंबण्याची ही रीत आपल्या संप्रदायात जुनी आहे. तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांनी उतरून ठेवले. देहूपासून दूर कोल्हापुरात बहिणाबाईंनी ते कीर्तनातून ऐकले आणि तुकोबांना डोळ्यांनी पाहण्याआधीच त्यांना गुरू मानले. त्या काळी छापखाना नव्हता. एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या कानी अभंग गेला, एवढेच. कोणी कीर्तनकार आळसावला असता, तर बहिणाबाईंसारखी शिष्या तुकोबांना कशी लाभली असती?

पण ग्रंथ पुढे नेणारा हात त्याला मळवूही शकतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. नकलांमागून नकला होत तीनशे वर्षांत तिच्यात इतके पाठभेद शिरले की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथमहाराजांना प्रती ताडून ती शुद्ध करावी लागली. आपली ओवी तिच्यात कोणी घालू नये, असेही त्यांनी बजावले. नकलणारे दुष्ट नव्हते, भाविकच होते. कोणाला शब्द कळला नाही म्हणून त्याने सोपा घातला, कोणाला स्फुरण आले म्हणून त्याने ओवी जोडली. भाव होता, जपणूक कमी पडली.

आज आपण नकला हाताने करत नाही, मोबाइलवर बोट टेकवतो. हा दोष मी स्वतः केला आहे. तुकोबांचे नाव खाली असलेल्या चार ओळी एका पहाटे मला आल्या. आवडल्या, म्हणून मी त्या आमच्या दिंडीतल्या सगळ्यांना धाडल्या. संध्याकाळी एका तरुण टाळकऱ्याने विचारले, "बुवा, हा अभंग गाथ्यात कितवा?" मी गाथा उघडली, दोन दिवस शोधले, सापडला नाही. पुढे त्याच ओळी एका कीर्तनात तुकोबांच्या म्हणून ऐकल्या तेव्हा मान वर करवेना. पाठवायला क्षणही लागला नव्हता, परत बोलावणे माझ्या हाती उरले नव्हते.

त्या दोन घरांकडे मी आता असा पाहतो. पहिल्या घरी ग्रंथाचा आदर पुरेपूर होता, पण ग्रंथ तिथेच थांबला. मी ओळी पाठवल्या तेव्हा माझ्याकडे उत्साह होता, पण आदर नव्हता. आजींकडे दोन्ही होते. त्यांनी आधी वाचले, खुणा केल्या, मग दिले, आणि परत आले नाही म्हणून आनंद मानला.

वाचकहो, आपल्या देव्हाऱ्यातले कापड आज एकदा सोडा. रोज एक पान वाचा. मन भरले की ती प्रत शेजारी द्या. तोंडाने सांगाल तर ग्रंथाचे नाव सांगा, अभंग पाठवाल तर आधी गाथ्यात पाहून घ्या. संतांनी आपल्यावर टाकलेला भार एवढाच आहे, आणि तो टाळांपेक्षा जड नाही.

राम कृष्ण हरि.