‘लोक माझे सांगाती’ : शीर्षकाला विचारावयाचा एक प्रश्न

श्री. शरद पवार यांची ‘लोक माझे सांगाती’ ही राजकीय आत्मकथा २०१५ साली प्रसिद्ध झाली. ‘सांगाती’ हा शब्द वारकरी परंपरेतला. दरवर्षी आषाढीच्या वारीत संत तुकारामांची पालखी बारामतीहून काटेवाडीमार्गे इंदापूरकडे जाते आणि काटेवाडी हे पवारांचे गाव. तेव्हा हे नाव त्यांना शोभून दिसते. परंतु हे सांगाती नेमके कोण, आणि वाट बिकट झाली तेव्हा त्यांची सोबत कितपत झाली, हा प्रश्न समीक्षकाला टाळता येत नाही.

पवारांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात, स्तुतीचा आणि निंदेचा. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्यावर व्याख्यान देताना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विभूतिपूजेचा निषेध केला आणि थोरवीची कसोटी सामाजिक हेतूशी जोडली. तीच कसोटी येथे लावणे उचित होय.

१९६७ साली, वयाच्या २६ व्या वर्षी, पवार बारामतीतून विधानसभेवर निवडून गेले. कोरडवाहू गावांतील पाझर तलाव, १९७२ चे विद्या प्रतिष्ठान ही त्यांच्या कर्तृत्वाची साक्ष आहे व ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु बारामती-इंदापूरची सत्ता ज्या सहकारी साखर कारखानदारीवर उभी राहिली, तिचे सभासदत्व उसावर, ऊस पाण्यावर आणि पाणी जमिनीवर अवलंबून होते. ज्याच्याकडे जमीनच नव्हती, तो या सहकारात मजूर म्हणून आला, भागधारक म्हणून नव्हे.

या मर्यादेची खरी परीक्षा मात्र मराठवाड्यात झाली. १८ जुलै १९७८ रोजी, वसंतदादा पाटील यांचे सरकार पाडून, पवार मुख्यमंत्री झाले. ‘पाठीत खंजीर’ हा आरोप तेव्हापासून त्यांना चिकटला. अवघ्या नऊ दिवसांनी, २७ जुलैला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत संमत झाला. ठराव न्याय्य होता. पण त्यामागे वस्त्यांच्या संरक्षणाची तयारी नव्हती. घरे जळाली, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले आणि अंमलबजावणी स्थगित झाली. खंजिराची चर्चा आजही होते. टेंभुर्णीची किती होते?

नामांतरास पुढे सोळा वर्षे लागली. त्यांपैकी १९८८ ते १९९१ या काळातही मुख्यमंत्री पवारच होते, याची नोंद घ्यावी लागते. अखेरीस १४ जानेवारी १९९४ रोजी त्यांनीच निर्णय अमलात आणला. हे श्रेय त्यांचे आहे. तथापि ‘मराठवाडा’ शब्द कायम ठेवून नामांतराचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ निघाले. ज्यांनी प्राण दिले त्यांच्या मागणीची ही तडजोड होती.

आपल्या चळवळीचा हिशेबही येथेच मांडला पाहिजे. १९९८ साली काँग्रेसशी झालेल्या समझोत्यातून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघे सर्वसाधारण मतदारसंघांतून लोकसभेवर गेले. या समझोत्यात पवारांचा वाटा मोठा होता. १९९९ साली त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली. रिपब्लिकन ऐक्यही टिकले नाही आणि नेते वेगवेगळ्या आघाड्यांत विखुरले. हा दोष एकट्या पवारांच्या माथी मारता येणार नाही. जे ऐक्य दुसऱ्याच्या समझोत्यावर उभे असते, ते त्या समझोत्याबरोबरच विरते.

म्हणून ही आत्मकथा अवश्य वाचावी, पण नामांतराची सोळा वर्षे शेजारी ठेवून वाचावी. नेता आपली वाटचाल आपल्या दृष्टीने लिहितो, तो त्याचा अधिकार आहे. टेंभुर्णीचा इतिहास साधार लिहिण्याची जबाबदारी मात्र आपली आहे. ती नेत्यांच्या आत्मकथांवर सोपवून चालणार नाही.