मुखवटा आणि चेहरा : एमिनेमचा एक अल्बम पुन्हा ऐकताना

मागच्या खेपेला आपण प्लेटोने कवींना नगराबाहेर का काढलं, ते बघितलं. व्याख्यान संपल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, प्लेटोने रॅप ऐकलं असतं तर?" मी हसून विषय टाळला. घरी गेल्यावर मात्र माझीच एक जुनी चूक आठवली. आज तिच्याबद्दल बोलतो.

२००० सालच्या मे महिन्यात एमिनेमचा 'द मार्शल मॅथर्स एलपी' आला. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात सतरा लाखांहून अधिक प्रती खपल्या. स्त्रियांबद्दल आणि समलिंगी माणसांबद्दल त्यात जी भाषा आहे, तिच्यावरून मोठा गदारोळ झाला. सेनेटच्या सुनावणीतही या अल्बमवर टीका झाली. त्या सुमारास माझ्या सौंदर्यशास्त्राच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने मला कॅसेट आणून दिली. मी दोन गाणी ऐकून ती परत केली. म्हणालो, "शिव्यांना यमक जुळवलं म्हणून कविता होत नाही." हे वाक्य तेव्हा मला फारच आवडलं होतं. (हशा)

गंमत बघा, त्याच वर्गात मी 'सखाराम बाइंडर'ची बाजू तावातावाने मांडत असे. सखाराम बोलतो ते तेंडुलकरांचं मत नव्हे, पात्र आणि लेखक वेगळे, वगैरे. मग डेट्रॉइटच्या या मुलाला तोच न्याय का नाही? प्रामाणिक उत्तर असं की नाटक माझ्या घरातलं होतं, रॅप परक्याचं होतं. माझ्या नावडीला मी तत्त्वाचे कपडे घातले होते.

या उन्हाळ्यात शब्द समोर ठेवून अल्बम तीनदा ऐकला. पहिली गोष्ट म्हणजे माझं ते वाक्य कानाच्या पातळीवरच चूक होतं. इथे यमक नुसतं ओळीच्या शेवटी येत नाही; ओळीच्या पोटात चार-पाच ठिकाणी स्वर एकमेकांना जुळत जातात. हे काम कारागिराचं आहे.

दुसरी गोष्ट 'स्टॅन' या गाण्याची. एक चाहता गायकाला पत्रं लिहितो, उत्तर येत नाही, तो चिडत जातो, आणि शेवटी गरोदर मैत्रिणीला गाडीच्या डिकीत कोंडून स्वतःसह तिचाही जीव घेतो. शेवटच्या कडव्यात गायकाचं समजूतदार उत्तर येतं, पण उशिरा. हा चाहता गायकाच्या मुखवट्यालाच चेहरा समजला. 'हे पात्र आहे, मी नव्हे' हा एमिनेमचा नेहमीचा बचाव. त्या बचावाची उलटतपासणी त्याने स्वतःच या गाण्यात घेतली आहे. टीकाकारांपैकी फार थोड्यांनी ती इतकी नेटकी घेतली असेल. 'स्टॅन' हा शब्द आज इंग्रजी शब्दकोशांत आहे, तो उगाच नाही.

म्हणून सगळंच माफ का? नाही. याच अल्बमवर 'किम' आहे. त्यात पत्नीच्या खुनाची कल्पना आहे, आणि नाव त्याच्या खऱ्या पत्नीचं आहे. दोन्ही आवाज तोच काढतो. म्हणजे तिचं रडणंसुद्धा त्याच्याच घशातून येतं. सखारामच्या घरात लक्ष्मी आणि चंपा आपापल्या आवाजात बोलतात, त्यांना स्वतःचं म्हणणं असतं. इथे दुसऱ्या माणसाला जागाच नाही. मुखवट्याचा बचाव करायचा तर तो मुखवटा असायला हवा. खरं नाव घेतल्यावर तो बचाव उरत नाही. समलिंगी माणसांना दिलेल्या शिव्यांचंही तसंच. २००१च्या ग्रॅमी सोहळ्यात एल्टन जॉन त्याच्याबरोबर 'स्टॅन' गायले, हा त्यांचा मोठेपणा. पण त्या शिव्या ज्या शाळकरी मुलाला वर्गात ऐकाव्या लागल्या, त्याच्या वतीने क्षमा करायचा अधिकार एल्टन जॉन यांनाही नव्हता.

प्लेटोची भीती हीच होती, की वाईटाची नक्कल करता करता ती अंगवळणी पडते. ती भीती खोटी नाही. फक्त प्लेटोने कवींना बाहेर काढलं ते त्यांचं काव्य नीट ऐकून. मी न ऐकता काढलं. नापसंतीचा हक्क मला आजही आहे, पण तो कमवावा लागतो, हे पन्नाशीच्या प्राध्यापकाला कळायला हवं होतं.

तो विद्यार्थी आता कुठे आहे, ठाऊक नाही. माझंही उत्तर उशिराच गेलं म्हणायचं.

थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.