ओळखीच्या आवाजाचा मोह

'लेड झेपलिन'चं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' लावलं की पहिल्या ठोक्यालाच एक उंच, रिकामं घर डोळ्यांपुढे येतं. ते घर खरंच होतं. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी मांडले होते आणि माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले होते. ठोका आधी जिनाभर घुमतो, मग आपल्यापर्यंत पोचतो. १९७१ च्या त्या घुमाऱ्यावर माझ्यासारख्यांचा कान तयार झाला. गाणं मात्र मुळात झेपलिनचं नव्हतं. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं हे ब्लूज मेम्फिस मिनी आणि कान्सस जो मॅकॉय यांनी १९२९ मध्ये रेकॉर्ड केलं होतं. झेपलिननं ते उचललं आणि त्याचा पार कायापालट केला.

म्हणूनच 'ग्रेटा व्हॅन फ्लीट' या बँडचं कौतुक मला खटकतं. मिशिगनमधल्या फ्रँकनमथ गावची ही मुलं, तिघे भाऊ आणि एक मित्र. जॉश किझ्का वरच्या पट्टीत गेला की थेट झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट आठवतो. २०१९ मध्ये त्यांच्या 'फ्रॉम द फायर्स'ला सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तेव्हा माझ्या वयाच्या कितीतरी रसिकांना हायसं वाटलं. मुलांच्या हातात कसब आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कुमार गंधर्व लहानपणी दिग्गजांच्या रेकॉर्डी हुबेहूब गात, म्हणून काही आपण आज त्यांना ऐकत नाही. नव्यात जुन्याचा चेहरा दिसला की त्यालाच शाबासकी द्यायची, ही आम्हा जुन्या श्रोत्यांची सवय नव्या रॉकला फार महाग पडते.

हल्ली हळू आणि मोठ्या आवाजातला फरक घालवून सगळं रेकॉर्डिंग दाबून सपाट करतात, ही नव्या रॉकबद्दलची आमची तक्रार खरी आहे. पण त्यावरून सर्वांत मोठा गदारोळ झाला तो 'मेटॅलिका'च्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'वर, म्हणजे आमच्याच लाडक्या बँडच्या अल्बमवर.

माझ्या मुलीनं मला 'ब्लॅक कंट्री, न्यू रोड' या बँडचा २०२१ चा पहिला अल्बम ऐकवला. सुरुवातीच्याच तुकड्यात पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नातल्या क्लेझ्मर संगीताची चाल सॅक्सोफोन आणि व्हायोलिनवर गरगरत वर चढते. पुढे आयझॅक वूड अर्धं बोलत, अर्धं गात येतो, आणि त्याचा आवाज कुठल्याही क्षणी फुटेल असं वाटत राहतं. गिटार सोलोची वाट पाहत बसलो तर हातात काहीच लागत नाही. मला तीन वेळा ऐकावं लागलं. तिसऱ्यांदा तो ताण अंगावर आला.

मुलीला झेपलिन ऐकायला असं काही करावं लागलं नव्हतं. केट बुशचं १९८५ चं 'रनिंग अप दॅट हिल' एका मालिकेत वाजलं आणि २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, तेही मुलीच्याच पिढीच्या जोरावर. त्यांचे कान मागे सहज जातात. पुढे जायची वेळ आली की अडतो ते आम्हीच.

'ब्लॅक कंट्री, न्यू रोड'चा दुसरा अल्बम यायच्या तोंडावर, २०२२ च्या जानेवारीत, वूडनं बँड सोडला. बाकीच्यांनी तयार गाणी बाजूला ठेवली आणि नवी रचली. २०२३ च्या 'लाइव्ह ॲट बुश हॉल'मध्ये टायलर हाइड, लुइस इव्हान्स आणि मे कर्शॉ ती वाटून गातात. वूडसारखं गायचा प्रयत्न तिघांपैकी कुणीच करत नाही.